फिंचची ९ अंडी झाली पण पिल्लू एकही नाही, जोडी ओळखायची कशी?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पाचोऱ्याला राहता, जळगावहून २ जोड्या म्हणून ४ फिंच (पिंजऱ्यात पाळायची छोटी पाखरं) आणल्या, त्यातल्या दोन राखाडी आणि नारिंगी चोचीच्या, एक पूर्ण पांढरी, एक तपकिरी-पांढऱ्या चट्ट्यांची. चौघं एकाच पिंजऱ्यात, घरट्यासाठी मातीची मटकी एकच, त्यात ९ अंडी झाली, महिना उलटला तरी काही नाही, तर जात कोणती आणि ब्रीडिंग कसं करायचं असं विचारलंय. मी भुसावळला १२ वर्षांपासून फिंच पाळतोय, म्हणून सरळच सांगतो, तुम्हाला बहुतेक जोडी मिळालेलीच नाही. तुमच्या दोन्ही राखाडी माद्या आहेत आणि दोघींनी मिळून त्या मटकीत अंडी घातलीत. एक मादी साधारण ४ ते ६ अंडी घालते, ९-१० दिसली की मला पहिला संशय हाच येतो.

राखाडीवाल्या झेब्रा फिंच आहेत. मूळची ऑस्ट्रेलियाची, तिकडच्या कोरड्या गवताळ भागातली. यातला नर ओळखायला काहीच अवघड नाही, गालावर नारिंगी डाग, गळ्या-छातीवर बारीक काळे-पांढरे पट्टे, पंखाखाली बगलेला विटकरी रंग आणि त्यावर पांढरे ठिपके, चोच एकदम लालभडक. मादीला यातलं काही नाही, अंग साधं राखाडी आणि चोच नारिंगी. डोळ्याखाली अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते ती दोघांनाही असते, त्यावरून काही ठरवू नका. पिल्लाची चोच काळी असते आणि दोन-अडीच महिन्यांत रंग भरतो, म्हणून काळ्या चोचीचं पाखरू दाखवून कोणी "हा पक्का मेल आहे" म्हणालं तर तो अंदाज समजायचा.

पांढरीचं काय? तीही बहुतेक झेब्राच, पांढऱ्या म्युटेशनची, म्हणजे जन्मतःच रंग बदललेली. हिच्यात गाल-पट्टे सगळं पुसलेलं असतं, राहते फक्त चोच. दिवसाच्या उजेडात राखाडीच्या शेजारी धरून बघा, तिच्यापेक्षा गडद लाल असेल तर नर, तशीच नारिंगी असेल तर मादी. ट्यूबलाईटखाली बघू नका, मी स्वतः त्यात दोनदा फसलोय.

तपकिरी-पांढऱ्या चट्ट्यांची ती बंगाली फिंच, काही लोक सोसायटी फिंच म्हणतात. ही जंगलात कुठंच सापडत नाही. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून चीन आणि जपानमध्ये माणसानं पिढ्यानपिढ्या पाळून तयार केलेली जात आहे. नर-मादी दिसायला अगदी सारखे, फरक एकच, नर गातो. छाती फुगवून, पिसं उभी करून, उड्या मारत गातो. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, दोन दिवसांनी दुसरी बंगाली समोर आणा आणि शांत बसून बघा, नर असेल तर बहुतेक वेळा थोड्याच वेळात गायला लागतो. गायलं की पायात रंगीत कडी घाला म्हणजे परत गोंधळ नको. आणि ही झेब्राबरोबर जोडी लावायची नसते, जात मिसळू देऊ नका. पण जीव फार मायाळू, दुसऱ्याची अंडीसुद्धा उबवून पिल्लं वाढवते, म्हणून गोल्डियनवाले मुद्दाम बंगालीच्या जोड्या ठेवतात.

गोल्डियन म्हणजे ती हिरव्या पाठीची, जांभळ्या छातीची, डोकं लाल, काळं किंवा पिवळसर-नारिंगी. उत्तर ऑस्ट्रेलियाची. मादीची छाती फिक्या जांभळ्या रंगाची असते. दिसायला इतकी देखणी की सगळ्यांना आधी तीच हवी असते, पण नाजूक आहे, पहिल्या वर्षी घेऊ नका. जावा स्पॅरो मोठ्या गुलाबी-लाल चोचीची, ती झेब्राबरोबर ठेवली तर झेब्राला खायला पण बसू देत नाही. ती साईट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत असल्यामुळं कागदपत्रं विचारून घ्या.

आता एक गोष्ट जरा लांबवतो, कारण आपल्याकडं हे फार चालतं. यात्रेत, आठवडे बाजारात जाळीच्या पिंजऱ्यात "कलर फिंच" म्हणून हिरवी, गुलाबी, पिवळी पाखरं विकायला येतात. सुरवातीच्या काळात मीपण एका फिरत्या विक्रेत्याकडून दोन घेतली होती. घरी आणून पाण्याचं भांडं ठेवलं, ती मनसोक्त अंघोळ करायला लागली आणि पाणी हिरवं झालं. खाली निघाली ती आपली ठिपकेवाली मुनिया, जी आपल्या शेताच्या बांधावर थव्यानं बसते, बाजरीच्या कणसावर येते. पकडून, रंगात बुडवून विकलेली. त्यातली एक तिसऱ्या दिवशी गेली. मला ते आजही आठवलं की वाईट वाटतं, माहिती नव्हती म्हणून का होईना पैसे तर मीच दिले होते.

तर ठिपकेवाली मुनिया, लाल मुनिया, तीनरंगी मुनिया, चांदीसारख्या चोचीची मुनिया ही सगळी आपल्या देशातली रानपाखरं आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. लाल मुनियेचं इंग्रजी नाव अवदवात, ते अहमदाबादवरून पडलंय कारण जुन्या काळी तिथून ही पाखरं परदेशात जायची, म्हणजे हा धंदा किती जुना आहे बघा. ओळखायची खूण म्हणजे रंग पिसाच्या मुळापर्यंत नसतो, पोटाखाली ओघळ दिसतात, पिसं चिकटलेली असतात आणि हात जवळ नेला की पिंजऱ्यात पाळलेल्या झेब्रापेक्षा कितीतरी जास्त घाबरून जाळीवर आपटतं. असं कुठं दिसलं तर घेऊन सोडून देऊ म्हणून विकत घेऊ नका, त्यानं विक्रेता अजून चार पकडून आणतो. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करा.

आता ब्रीडिंग. पुस्तकात वाचाल की झेब्रा वर्षभर अंडी देते, ते खरंय, पण आपल्या खान्देशात वर्षभर द्यायला लावायची नाहीत. मी पोळा झाला की मटकी लावतो आणि होळी झाली की काढतो. मधल्या काळात दोन, फार तर तीन वेळा पिल्लं घ्यायची, मग मादीला आराम. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवसात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, त्यात मटकीत बसलेली चार पिल्लं म्हणजे भट्टीच. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी सगळी पिल्लं गेली, चारही. तेव्हापासून पिंजरे वरच्या पत्र्याच्या खोलीतून खाली घरात आणले, दुपारी खिडकीला ओलं बारदान, कूलर चालू पण झोत अंगावर नाही. माझी आजी होती तोवर दुपारी चहाच्या आधी तिचा एकच प्रश्न, "पाखरेस्ले पानी दिधं का रे?" दिवसातून दोनदा पाणी बदला, उन्हाळ्यात तीनदा.

उन्हावरून आठवलं, झेब्राबद्दल एक शोध मला फार आवडतो. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दिसलं की बाहेर २६ अंशाच्या वर गरम असेल तर उबवणीच्या शेवटच्या पाच-एक दिवसात झेब्राचे आईबाप अंड्यांजवळ एक खास आवाज काढतात, आणि तो आवाज अंड्यात ऐकलेली पिल्लं गरम घरट्यात वेगळ्या पद्धतीनं वाढतात. म्हणजे आत बसलेल्या पिल्लाला आई बाहेरच्या उन्हाची खबर देते. मटकीजवळ उगाच कान लावून मी किती वेळ बसलोय हे घरच्यांना विचारा. पण याचा अर्थ ४५ अंशात पण चालेल असा घेऊ नका, शेवटी मर्यादा असतेच.

मटकी प्लायच्या बॉक्सपेक्षा आपल्याकडं बरी, माती जरा थंड राहते. पिंजरा उंच नको, लांब हवा, फिंच आडवी उडते, एका जोडीला किमान दोन-अडीच फूट लांबी, जाळीचं अंतर अर्धा इंच. पिंजऱ्याच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या पिल्लांना सोडत नाहीत. आणि घरट्यात कापूस अजिबात देऊ नका. आपल्याकडं कापूस घरोघरी, हाताशी असतो म्हणून सगळे तोच देतात, पण त्याचे तंतू पिल्लाच्या पायाला वेढे घालतात आणि पाय सुजून काळा पडतो. सुकं गवत द्या, काथ्या द्यायचा तर तीन-चार इंचाचे तुकडे करून.

खायला राळा मुख्य, दुकानात कांगणी म्हणतात, सातपुड्याकडं भादली. सोबत वरी आणि बारीक बाजरी, रोज थोडी कोथिंबीर किंवा मेथी. पिल्लं असतील तेव्हा भिजवून मोड काढलेला राळा आणि उकडलेलं अंडं कुस्करून, पण ते दोन तासात उचलायचं, गरमीत लगेच खराब होतं. समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड, कॅल्शियमसाठी) कायम टांगलेला हवा. तो नसेल आणि मादी लागोपाठ अंडी घालत राहिली तर अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं आतच अडकतं, मादी पिसं फुगवून खाली बसून राहते. असं दिसलं तर तिला उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडं न्या, उद्यावर टाकू नका.

उबवायला १२ ते १४ दिवस लागतात, दोघं आळीपाळीनं बसतात. बसायला लागल्यापासून सहाव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं, नसेल तर अंडं रिकामं आहे. पिल्लं तीन आठवड्यांच्या आसपास बाहेर पडतात, ३५-४० दिवसांची झाली की वेगळी करा, नाहीतर बाप पुढच्या घरट्यासाठी त्यांच्या मागं लागतो. भाऊ-बहिणीची जोडी लावू नका. डोक्यावर तुरा असलेली झेब्रा दिसायला छान असते पण दोन्ही तुरेवाले एकत्र लावले तर साधारण चौथा हिस्सा पिल्लं अंड्यातच मरतात, एकच तुरेवाला ठेवा.

तुम्ही आता असं करा. ती ९ अंडी आणि मटकी दोन्ही आजच काढा. नुसती अंडी काढून मटकी तशीच ठेवली तर त्या दोघी परत घालतील. बंगालीला वेगळ्या पिंजऱ्यात हलवा. दोन्ही राखाडींना दोन महिने समुद्रफेस आणि भरपूर उडायला जागा द्या. मग नर आणायचे ते दुसऱ्या ठिकाणाहून, रक्त वेगळं असावं म्हणून, गालावर नारिंगी डाग स्वतःच्या डोळ्यानं बघून, वय ६ महिन्यांच्या पुढं. माद्या ९ महिन्यांच्या झाल्याशिवाय मटकी नकोच. एका पिंजऱ्यात एकच जोडी. पांढरीची चोच सकाळच्या उजेडात बघून इथंच खाली लिहा, नर निघाला तर तुम्हाला एकच नर आणावा लागेल.