श्रवण चाचणीत एक उत्तर हुकले की पुढची उत्तरेही हुकतात. काय करावे?

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतील श्रवण चाचणीत एक उत्तर निसटले की पाठोपाठची तीन-चार उत्तरेही हातची जातात, असे आपण लिहिले आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच झाले होते. हुकलेला शब्द आठवण्यात मी गुंतलो आणि तेवढ्यात ध्वनिफीत पुढे निघून गेली.

या चाचणीत चार भाग आणि ४० प्रश्न असतात, ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, आणि प्रश्न साधारणपणे संभाषणाच्याच क्रमाने येतात. म्हणून नजर नेहमी लागोपाठच्या दोन प्रश्नांवर ठेवावी. दुसऱ्या प्रश्नाचा विषय ऐकू आला की पहिला गेला असे समजून तो तिथेच सोडावा आणि शेवटी अंदाजाने भरावा, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

प्रत्येक भागाआधी मिळणाऱ्या वेळात रिकाम्या जागी आकडा येणार, नाव येणार की ठिकाण, हे ठरवून ठेवावे. प्रश्नातले शब्द ध्वनिफितीत जसेच्या तसे क्वचितच येतात. नावे आणि तारखा मात्र सहसा बदलत नाहीत, म्हणून मी त्याच अधोरेखित करतो.

सर्वांत जास्त गुण जातात ते घाईने. एकजण म्हणतो, "मंगळवारी भेटू या." दुसरी म्हणते, "त्या दिवशी मी बाहेरगावी आहे, गुरुवारी चालेल का?" मंगळवार लिहून जो पुढे सरकला, तो फसला. समोरच्याचा होकार येईपर्यंत उत्तर पक्के धरू नये. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतही अशीच गफलत होते. पहिल्यात जोर बहुधा शेवटी असतो, दुसऱ्यात सुरुवातीला. शुद्धलेखन आणि शब्दमर्यादा यांकडेही लक्ष असू द्यावे.

सराव करताना ध्वनिफीत मध्येच थांबवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आधी सलग ऐकून उत्तरे लिहावीत, मग चुकलेल्या जागा लिखित संहिता समोर ठेवून पुन्हा ऐकाव्यात, आणि तो शब्द मुळात माहीत नव्हता की माहीत असूनही कानाला ओळखू आला नाही, हे प्रत्येक वेळी वहीत नोंदवावे. वाचून भाषा शिकलेल्यांची अडचण बहुतेकदा दुसऱ्या प्रकारची असते, आणि तिच्यासाठी शब्दसंग्रह पाठ करण्यापेक्षा रोज अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ऐकून ते शब्दन् शब्द उतरवून काढणे मला कितीतरी अधिक उपयोगी पडले.