पहिलारू शेळीच्या कळा कशा ओळखायच्या? आणि जार पडेपर्यंत करडाला चीक पाजू नये, हे खरं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कळा सुरू झाल्या हे कसं ओळखायचं, आपण कधी हात लावायचा, आणि जार, म्हणजे करडामागून पडणारी वार, पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध, पाजायचा नाही असं गावातली जाणती माणसं सांगतात ते ऐकायचं का. पहिल्या दोन गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ती तिसरीसाठी. त्या समजुतीपायी आमच्या वाडीवर करडं मेलेली मी डोळ्यांनी पाहिलीत, आणि अजूनही सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात बायका भेटल्या की तेच कानावर येतं. उत्तर आधीच देते. नाही. ऐकायचं नाही. सांगणारा कितीही मोठा असो.

आता ओळखायचं म्हणाल तर, बोकड दाखवल्याची तारीख तुम्ही लिहून ठेवलीच असेल. तिथून 150 दिवस धरा, पाच दिवस मागेपुढे. आमच्याकडे सगळ्या शेळ्या उस्मानाबादी जातीच्या, जुळी नेहमीचीच, आणि जुळी असली की शेळी थोडी आधीच विते. कास बघून अंदाज बांधू नका, पहिलारूची, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या शेळीची, कास महिनाभर आधीपासून भरायला लागते. रोज संध्याकाळी शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हात फिरवा. तिथे बोटाएवढी जाड, ताठ शीर लागते, रक्ताची नव्हे, हाडं बांधून धरणारी. ती ढिली होत जाते, पुठ्ठे खाली बसतात, खड्डे पडतात. ज्या दिवशी शीर हाताला लागतच नाही, त्या दिवशी शेळी चरायला सोडू नका. बहुतेक करून दिवसभरात विते. मग कळपातून बाजूला होते, खुराने जमीन उकरते, रवंथ सोडते, उठते-बसते, मागे वळून कुशीकडे बघते. निरण, म्हणजे शेळीचं मायांग, सुजते, चिकट स्रावाचा दोर लोंबतो. त्यानंतर जोर करायला लागली की खऱ्या कळा.

पण ही लक्षणं वाचून पाठ करण्यापेक्षा एक करा. शेळीला रोज जो वैरण-पाणी करतो, त्यालाच बघत बसू द्या. ती नेहमीपेक्षा वेगळी वागतेय हे त्याला आधी कळतं. आमच्याकडे ते काम बायांचं, आणि विताना मात्र गडीमाणसं येऊन हुकूम सोडतात. माझं भांडण तिथूनच सुरू झालं.

आमचे एक चुलत सासरे आहेत, सगळी वाडी त्यांना तात्या म्हणते. मेंढरांमागे जन्म गेलेला माणूस. कुठल्या मेंढीला काय झालंय ते चालीवरून ओळखतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण विण्याच्या बाबतीत त्यांचे दोन हट्ट. एक, पाय दिसला की ओढायचं. दोन, जार पडेपर्यंत करडाला सडाला लागू द्यायचं नाही. 'आधी पाजलं की जार वर चढतो,' हे त्यांचं वाक्य. मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीत सगळे असंच करत. जार कधी तासा-दोन तासात पडायचा, कधी रात्र जायची. तोवर करडं उपाशी ओरडत पडलेली. दोन-चार दिवसांनी त्यांना हगवण लागायची, माना टाकायची, आणि मग नजर लागली म्हणायचे. लिंबू-मिरची बांधायचे.

पुढे बचत गटातून मी पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांची साधी देखभाल करणाऱ्या बाईचं, शिक्षण घेतलं. तिथे डॉक्टरांनी चिकाचं सगळं समजावून सांगितलं, आणि करडाचा पुढचा पाय कुठला नि मागचा कुठला हे डोळे मिटून चाचपून ओळखायला शिकवलं. पुढच्या पायाचे खालचे दोन्ही सांधे एकाच बाजूला वाकतात, मागच्या पायाचे उलटसुलट. एवढं एक तुम्ही आजच गोठ्यात जाऊन एखाद्या करडावर करून बघा. अंधारात, हात आत असताना दुसरं काही उपयोगी पडत नाही.

त्या हिवाळ्यात जोंधळा पोटरीत आला होता. घरचे मालक डाळिंबाच्या गाडीबरोबर पुण्याला गेलेले. आमची ठिपकी, कानावर पांढरे ठिपके म्हणून ठिपकी, संध्याकाळपासून कळा देत होती. पाणमोट, म्हणजे करडाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसली, फुटली, आणि पुढे काही सरकेना. करडू सरळ येत असलं की विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं येतं, दोन हात पुढे आणि त्यावर डोकं. इथे नाकाचं टोक दिसत होतं आणि खुराचा एकच पाय. कुणीतरी तात्यांना बोलावून आणलं. त्यांनी आल्या आल्या फडकं मागितलं, पायाला बांधायला.

मी म्हणलं, "तात्या, एकच पाय हाय. दुसरा आत मागं राहिलाय. ओढलं तर खांदा अडकंल."

"तुला काय कळतंय पोरी? किती मेंढरं सोडवली म्या."

"मेंढरं सोडवली आसतील. पर ह्यो पाय मागं हाय."

ते फडकं गुंडाळायला लागले. ठिपकी इतकी ओरडली की माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आजवर तात्यांपुढे ज्यांनी पदर खाली येऊ दिला नाही त्या, पुढे झाल्या नि म्हणाल्या, "भावजी, तुमचा हात केवढा, शेळी केवढी. तिचा हात बारीक हाय. तिला बघू द्या." आणि तात्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही, आणि तुम्हीही लक्षात ठेवा. शेळीच्या पोटात हात घालायची वेळ आली तर घरात ज्याचा हात सगळ्यात लहान, त्याने घालायचा. मग तो सुनेचा असो नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या पोरीचा. गड्याचा पंजा शेळीत शिरतो तेव्हा आत फाटतं, आणि फाटलेली शेळी वाचली तरी तिच्यावर पुन्हा भरवसा राहत नाही.

बांगड्या काढल्या, नखं काढलेली होतीच. कोपरापर्यंत साबणाने हात धुतला, निरणही साबणपाण्याने धुऊन काढली, हाताला गोडेतेल लावलं. बोटं निमुळती करून हळूहळू हात सारला. कळ आली की थांबायचं, कळ गेली की पुढे जायचं. कळ चालू असताना आत ढकलाढकली करायची नाही. करडाचं डोकं तळव्याने जरा मागे सारलं, कारण जागा झाल्याशिवाय पाय वळत नाही. मानेवरून खांदा, खांद्यावरून गुडघा सापडला. गुडघ्यामागे बोट अडकवून पाय वर घेतला, मग खूर मुठीत झाकला. खूर उघडा ठेवून पाय फिरवला तर त्याचं टोक गर्भपिशवीला लागतं. पाय पुढे आला, आणि पुढचं काम ठिपकीनेच केलं. तिने जोर केला की मी दोन्ही पाय धरून खाली, तिच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने ताण द्यायचे. सरळ मागे ओढायचं नसतं, खाली ओढायचं असतं.

करडू निपचित होतं. तोंडानाकातला चिकटा बोटाने काढला, कडब्याची काडी नाकात घातली, गोणपाटाने बरगड्या खसाखसा चोळल्या. शिंकलं. आत्यांनी जुन्या सोलापुरी चादरीत घेतलं, पण मी ते लगेच ठिपकीच्या तोंडापुढे ठेवायला लावलं. आईने चाटायलाच पाहिजे, तिथूनच तिला पिल्लाचा वास कळतो. थोड्या वेळाने दुसरं आलं, मागचे पाय आधी. तसं आलं तरी घाबरायचं नाही, पण दोन्ही मागचे पाय बाहेर आले की रेंगाळायचंही नाही. नाळ तुटते आणि डोकं आतच असतं, ते आतलं पाणी ओढून घेतं.

आणि मग खरं भांडण झालं. मी दोन्ही सडांच्या दोन-दोन धारा काढून तोंडं मोकळी केली आणि करडू सडाला लावलं. तात्या ओरडलेच. "जार पडू दे! शेळी घालवतीस का काय?" मी करडू सोडलं नाही. ते तणतणत निघाले, "मेली तर मला सांगू नगंस." दोन्ही करडं पिऊन पोट भरून झोपली, आणि आम्ही चहा टाकेपर्यंत जार पडला. सकाळी तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "पडणारच हुता."

तेव्हापासून तात्यांनी माझ्यापुढे हा विषय काढला नाही, पण दुसऱ्यांना अजून तेच सांगतात. तेव्हा त्यांना मला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची शक्ती जवळपास नसते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडीफार मिळते, शेळी-गाय-म्हशीच्या पिल्लाला नाही. त्याला ती फक्त चिकातून मिळते. आणि चिकातलं ते औषध रक्तात शोषून घ्यायचं काम त्याचं आतडं पहिल्या काही तासांतच नीट करतं. जसजसा वेळ जातो तसं ते कमी होत जातं, दिवस उलटला की जवळपास बंद. मग तुम्ही बादलीभर चीक पाजा, पोट भरेल, रोग थांबणार नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या-एक तासात पहिला घोट पोटात गेला पाहिजे, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. दोन किलोचं करडू असेल तर 200 मिली, तेही चार-पाच वेळा विभागून.

आता जाराचं. करडू सडाला ढुसण्या देत चोखतं तेव्हा शेळीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानेच पान्हा सुटतो, आणि त्यानेच गर्भपिशवी आवळते. पिशवी आवळली की जार सुटतो. म्हणजे पाजल्याने जार वर चढत नाही, पाजल्याने खाली येतो. जी वाट बघायला सांगतात, ती वाट बघण्यानेच जार लांबतो. वाडीतली ती करडं नजरेने गेली नाहीत. ती पहिल्या रात्री उपाशी ठेवल्यामुळे गेली.

खरवसाचं पण सांगते, कारण हाही वाद घरोघरी होतो. आधी करडांची पोटं, उरला तर खरवस. जुळं असेल तर उरतच नाही. आईला दूधच नसेल किंवा ती गेली असेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चीक पाजा, तो नसेल तर गाईचा चालतो. करडू गार पडलं असेल तर आधी ऊब द्या, मग पाजा. गार करडाच्या तोंडात बाटलीने ओतलं की ते फुफ्फुसात जातं.

माझी गोष्ट वाचून लगेच हात घालायला जाऊ नका, हे सांगायचं राहिलं. बहुतेक शेळ्यांना आपली काही गरज नसते. दोन पाय आणि नाक दिसत असेल तर लांब बसा. अर्धा तास जोरात कळा देऊनही काहीच पुढे येत नसेल, तरच तपासायचं. नुसतं शेपूट लागलं, डोकं मागे वळलेलं लागलं, दोन करडांचे पाय एकमेकांत गुंतलेले लागले, किंवा बोटं पुढे जातच नाहीत इतकं तोंड आवळलेलं असेल, तर हात बाहेर काढा आणि डॉक्टरांना बोलवा. 1962 वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा नंबर आहे. मेडिकलमधून कळांचं इंजेक्शन आणून स्वतः टोचू नका. पिशवीचं तोंड उघडलेलं नसताना ते दिलं तर पिशवी फाटते. आत हात घातला असेल तर नंतर डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घ्यायलाच हवं, आम्हीही ठिपकीला सकाळी नेलं होतं.

जाराला चप्पल किंवा दगड बांधून ठेवतात, तसलं काही करू नका, ओढू तर नकाच. 12 तासांत पडला नाही तर डॉक्टर. पडलेला जार खोल पुरा, कुत्र्याला घालू नका. नाळ दोन बोटं ठेवून दोऱ्याने बांधा, खाली कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. शेळीला कोमट गूळपाणी द्या, तहान फार लागलेली असते. हातमोजे मिळाले तर घालाच, मला तेव्हा मिळाले नव्हते. शेळी गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आत गर्भ पडला, असेल तर मोज्याशिवाय हातच लावू नका, त्यामागे ब्रुसेलोसिस नावाचा रोग असू शकतो, त्याचा ताप माणसाला लागतो आणि महिनोनमहिने जात नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिला विणाऱ्या शेळीजवळ आणि जाराजवळ येऊ देऊ नका.

आणि कळा कितीला सुरू झाल्या, पाणमोट कितीला फुटली, ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर आले की पहिलं तेच विचारतात.