टेबलावरचा फोन मोबाइलवर घेताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या कार्यालयात जुने ईपीएबीएक्स (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) असून त्याला चार लँडलाइन जोडलेल्या आहेत. वसुलीसाठी मी बहुतेक वेळ बाहेर असतो. टेबलावरचे फोन मोबाइलवर वळवून पाहिले, पण एकही फोन आला नाही. माझा खासगी क्रमांक मात्र सभासदांना कळू नये, अशी इच्छा आहे. काय करावे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : सर्वप्रथम शून्य तपासा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना क्रमांकाआधी शून्य लावणे देशभर बंधनकारक आहे. हाताने फोन लावताना आपण ते लक्षात ठेवतो, पण फॉरवर्डिंगसाठी साठवलेल्या जुन्या दहा आकड्यांकडे कोणी पाहत नाही. तुमच्याकडे बाहेरची लाइन घेण्यासाठीही शून्य दाबावे लागत असेल, तर मोबाइल क्रमांकाआधी दोन शून्ये हवीत : पहिले एक्स्चेंजसाठी, दुसरे दूरध्वनी कंपनीसाठी.

एवढ्याने फोन येऊ लागेल, तरीही ही सोय तुमच्या गरजेला पुरेल असे मला वाटत नाही. बाहेरून आलेला फोन पुन्हा बाहेर पाठवताना एक्स्चेंजला दोन लाइन लागतात. म्हणजे असे दोन फोन चालू असताना तुमच्या चारही लाइन अडकतील आणि तिसऱ्या सभासदाला फोन व्यस्त असल्याचेच ऐकू येईल. साध्या तारेच्या लाइनवर पलीकडच्याने फोन ठेवल्याचे एक्स्चेंजला ओळखता आले नाही, तर संभाषण संपल्यावरही दोन्ही लाइन अडकून राहतात. म्हणून देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाकडून ही गोष्ट आधी तपासून घ्यावी. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर फोन करणाऱ्याचा नव्हे, तर कार्यालयाचाच क्रमांक दिसेल, आणि तुम्ही सभासदाला मोबाइलवरून फोन केलात, की तुमचा खासगी क्रमांक त्याच्याकडे जाईलच.

म्हणून मोबाइललाच कार्यालयाचे एक्स्टेन्शन (एक्स्चेंजला जोडलेला अंतर्गत फोन) बनवावे, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी आयपी एक्स्चेंज, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने फोन जोडणारे एक्स्चेंज, लागते. जुने बदलायचे नसेल, तर गेटवे नावाच्या छोट्या यंत्राने छोटे आयपी एक्स्चेंज त्याला जोडता येते. मोबाइलमधील सॉफ्टफोन (इंटरनेटवरून फोन लावणारे-घेणारे) ॲप इंटरनेटवरून त्या एक्स्चेंजशी जोडले, की टेबलावरच्या फोनबरोबर मोबाइलही वाजतो, फोन सहकाऱ्याकडे वळवता येतो आणि ॲपमधून लावलेला फोन कार्यालयाच्या क्रमांकावरूनच जातो. एका संभाषणाला दोन्ही दिशांना साधारण ९० केबीपीएस इतकाच वेग पुरतो, त्यामुळे तालुक्याच्या गावातील फोर-जीवरही आवाज नीट येतो. ॲपला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर मोबाइल ते झोपवून टाकतो आणि घंटा वाजत नाही. एक्स्चेंज मात्र इंटरनेटवर उघडे ठेवू नका. व्हीपीएन (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणी) वापरा आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, अवघड पासवर्ड द्या. पासवर्ड एक्स्टेन्शनच्याच क्रमांकाइतका सोपा असला, तर तुमच्या लाइनवरून परदेशी फोन लावून चोर मोठे बिल चढवू शकतात.

प्रश्न : ‘कार्यालयाचे फोन वळवण्यासाठी *४०१# आणि हा क्रमांक दाबा’ असे एका अनोळखी व्यक्तीने फोनवर सांगितले. दाबावे का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : मुळीच नको. त्याने तुमचे फोन त्या व्यक्तीकडे वळतील आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपीही तिलाच ऐकू येतील. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने असे आकडे दाबून फोन वळवणे १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश दिला. आधीच काही दाबले असेल, तर ##००२# दाबून सर्व फॉरवर्डिंग रद्द करा आणि मगच बँकेचे व्यवहार करा.