गाणाऱ्याचं चित्र काढायचंय ना, मग हे बघ

अरे, पहिल्याच झटक्यात चेहरा हुबेहूब आणायच्या मागे लागू नकोस. सवाई गंधर्व महोत्सवाला (पुण्यातला शास्त्रीय संगीताचा) जाशील तेव्हा छोटी वही आणि ४बी (मऊ, गडद) पेन्सिल बास, रंग घरी. विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू असतानाच बैठक, खांदे, मागचे तानपुरे धरून घे, कारण एकदा द्रुत (जलद लय) आणि ताना (सुरांच्या वेगवान लडी) सुरू झाल्या की हात कुठे जातील नेम नाही, गायक भीमसेन जोशींचे जुने व्हिडिओ बघ म्हणजे कळेल. तोंड सताड उघडं काढलंस की माणूस ओरडतोय असंच वाटतं (माझी सुरुवातीची सगळी चित्रं दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी!), त्यापेक्षा भुवया, मिटलेले डोळे, मानेच्या शिरा पकड. स्टेजचा लाईट पिवळा असेल तर सावलीत थोडा जांभळा टाक, नुसता काळा मळकट दिसतो. आणि रेफरन्स फोटोला फ्लॅश मारू नकोस, शेजारचे खवळतात.