पोराची पहिली बेसबॉल बॅट, स्वस्तातली अलॉय (अ‍ॅल्युमिनियमची) चालेल का

अरे चालेल की, बिनधास्त घे. आठ-नऊ वर्षांच्या पोराला तीनशे डॉलरची कंपोझिट (कार्बन फायबरची) कशाला, उंची वाढली की ती छोटीच पडणार. फक्त आधी शिक्का बघ, लिटल लीगला (पोरांच्या बेसबॉल लीगला) २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा मार्क लागतो, नुसतं यूएसएसएसए (दुसऱ्या संघटनेचा शिक्का) लिहिलेली उचललीस तर अंपायर बाहेर ठेवायला लावेल.

मग वजन. ड्रॉप म्हणजे इंचातली लांबी वजा औंसातलं वजन, म्हणून ड्रॉप १० म्हणजे २९ इंचाची बॅट १९ औंसाची, पण छापलेलं वजन आणि खरं वजन यात फरक निघतो, घरी काटा असेल तर टाकून बघच. आणि पोराला एका हाताने आडवी धरून उभं कर, हात लगेच खाली यायला लागला तर एक इंच छोटी घे.

वन-पीस अलॉयचं कसंय, हँडल नि बॅरल (पुढचा जाड भाग) एकच नळी, म्हणून कडक, बॉल नीट लागला तर झकास पण हँडलजवळ लागला की हाताला सणसणीत झिणझिण्या, एप्रिलमधल्या न्यू जर्सीच्या थंडीत तर विचारूच नको. बॅटिंग ग्लोव्ह्ज घाल, जाड ग्रिप लाव, बराच फरक पडतो. उलट थंडीत कंपोझिटला तडा जायची भीती असते ती अलॉयला नाही, ब्रेक-इनची (नवी बॅट मारून मारून तयार करायची) पण कटकट नाही (आणि तेलबिल लावू नकोस, ही आपली क्रिकेटची लाकडी विलो नाही).

सेकंड हँड असेल तर बॅरलवर बोट फिरव, खळगा लागला तर सोड. हलवल्यावर खुळखुळ वाजली तरी सोड, टोकाची कॅप सैल असणार किंवा आत काहीतरी सुटलेलं.