तुमचे प्रश्न : नुसत्या सिंगल मारणारा इचिरो एवढा मोठा कसा?

मागे इथे सहज जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीचं नाव निघालं आणि तेव्हापासून त्याच्यावरचीच पत्रं येतायत, म्हणून यावेळी क्रिकेट बाजूला ठेवलंय.

प्रश्न (पुणे) : ऑफिसातला एक मित्र अमेरिकेहून परत आलाय, सारखं इचिरो इचिरो करतो. मी क्लिप बघितल्या तर हा माणूस बॉल हळूच ढकलतो आणि पळत सुटतो. लांब मारणं नाही, काही नाही. यात एवढं काय आहे हो?

उत्तर : अहो, तेच तर आहे! आधी हे लक्षात घ्या की बेसबॉलमध्ये टप्पा नसतो, बॅट गोल, बॉल गोल, आणि दहा वेळा उभं राहून तीनदा जरी हिट मारून सुखरूप बेसवर (पळत गाठायच्या ठरलेल्या थांब्यावर) पोचलात तरी लोक तुम्हाला डोक्यावर घेतात. म्हणजे सात वेळा फेल होणारा माणूस तिकडे हिरो असतो. इचिरोचं अमेरिकेतल्या १९ सीझनचं ॲव्हरेज .३११ आहे, म्हणजे दहात तीनच्या वर हिट, आणि शेवटची काही वर्षं पार उतरती असूनसुद्धा.

आता तो आला कधी बघा. २००१ साली, सिॲटल मरीनर्स या टीमकडे, म्हणजे ज्या वर्षी बॅरी बाँड्सनं ७३ होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारले त्याच वर्षी. सगळीकडे मांडीएवढे दंड असलेले पहिलवान बॉल स्टँडमध्ये भिरकावतायत आणि त्यात हा सडपातळ जपानी गडी, वय २७, डावखुरा उभा राहतो, बॉलला बॅट लागते ना लागते तोच पाय पहिल्या बेसकडे निघालेले, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) बॉल उचलून फेकेपर्यंत हा पोचलेला. डावखुरा बॅटर पहिल्या बेसच्या पावलाभर जवळ असतो, आणि गंमत म्हणजे इचिरो थ्रो उजव्या हातानं करतो, डाव्यानं बॅटिंग वडिलांनी लहानपणी शिकवलेली. त्या पहिल्याच वर्षी २४२ हिट, ५६ बेस चोरले (म्हणजे हिट नसताना पळून पुढचा बेस गाठला), आणि रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) दोन्ही एकाच वर्षी, त्याच्याआधी हे फक्त फ्रेड लिनला जमलं होतं, १९७५ साली. मग २००४ ला २६२ हिट, जॉर्ज सिसलरचा २५७ चा रेकॉर्ड १९२० पासून तसाच पडून होता तो मोडला. त्या २६२ पैकी २२५ सिंगल होत्या, म्हणजे फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणाऱ्या हिट. तुम्हाला जे हळूच ढकलणं वाटतंय ना, ते त्यानं एका सीझनमध्ये सव्वादोनशे वेळा ठरवून केलंय. आपल्याकडे स्ट्राइक रोटेट करणाऱ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, त्यातलाच प्रकार.

प्रश्न (नागपूर) : ४३६७ हिट म्हणजे वर्ल्ड रेकॉर्ड की नाही? यावरून माझं आणि मेव्हण्याचं वाजलंय, दोघंही माघार घ्यायला तयार नाही.

उत्तर : मेव्हणे कुठल्या बाजूचे ते लिहिलं नाहीत तुम्ही, पण असो. जपानमध्ये ऑरिक्स या टीमकडून १२७८ आणि अमेरिकेत ३०८९, मिळून ४३६७. अमेरिकन खेळाडू पीट रोझचे एकट्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ४२५६. जून २०१६ ला सॅन डिएगोत इचिरोची बेरीज रोझच्या पुढे गेली तेव्हा रोझ भडकला होता, म्हणे आता ह्याचे हायस्कूलचे हिटपण मोजा. मला विचाराल तर मेजर लीगचा रेकॉर्ड रोझचाच, त्यात वाद नको. पण जपानची लीग म्हणजे काय गल्ली क्रिकेट नाही, तिथे सलग सात वर्षं बॅटिंग टायटल (सगळ्यात जास्त ॲव्हरेजचा मान) जिंकून मग माणूस अमेरिकेत आलाय, आणि २७ व्या वर्षी सुरुवात करून तीन हजारच्या वर गेलाय. ती बेरीज केलीच नाही तरी त्याचं काही अडत नाही. मेव्हण्यांना जेवायला बोलवा.

प्रश्न (कोल्हापूर) : तो रिटायर नक्की कसा झाला? सचिनसारखं भाषण वगैरे झालं का? आणि खरं सांगा, पाच-सहा वर्षं आधीच थांबायला पाहिजे होतं की नाही?

उत्तर : सचिनचं नाव काढलंत म्हणून सांगतो, दोघंही १९७३ चे, सचिन एप्रिलचा, इचिरो ऑक्टोबरचा. सचिन २०१३ ला वानखेडेवर थांबला, हा त्यानंतर पाच वर्षांवर खेळला.

तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो कारण तो बोचरा आहे. २००१ ते २०१० दरवर्षी २०० च्या वर हिट, दहा वर्षं, एकही चुकलं नाही. २०११ ला १८४ वर आला आणि तिथून घसरण. २०१२ ला न्यूयॉर्कच्या यांकीजकडे गेला, ह्याचा नेहमीचा जर्सी नंबर ५१, पण तिथे तो त्यांच्या जुन्या खेळाडूचा, बर्नी विल्यम्सचा, म्हणून ह्यानं ३१ घेतला, मग मायामी, तिथे बऱ्याचदा राखीव खेळाडू म्हणून बेंचवर. ३००० वा हिट तिथेच आला, ऑगस्ट २०१६, डेन्व्हरला, तोही ट्रिपल, म्हणजे थेट तिसऱ्या बेसपर्यंत. बरेच जण म्हणतात की हे बघवत नव्हतं. मला नाही पटत. इतक्या मोठ्या खेळाडूनं फक्त टॉपला असतानाच जायचं हा आपला हट्ट असतो, त्याचा नाही. २०१८ ला परत मरीनर्सकडे आला, तर त्यांनी मे महिन्यातच त्याला टीममधून काढून ऑफिसातलं पद दिलं, मॅचमध्ये डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या टीमच्या जागेत) बसायची परवानगी नाही, तरी हा रोज येऊन प्रॅक्टिस करायचा. एकदा न्यूयॉर्कला हुडी, गॉगल आणि खोटी मिशी लावून डगआउटमध्ये शिरला होता, फोटो आहेत, बघा नक्की.

आणि मग मार्च २०१९. सीझनच्या पहिल्या दोन मॅच टोकियो डोममध्ये, ओकलंडविरुद्ध. इचिरो ४५ वर्षांचा. दोन मॅच मिळून पाच ॲट-बॅट (हिशोबात धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या पाळ्या), एकही हिट नाही. २१ तारखेला आठव्या इनिंगमध्ये शेवटचा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला, पळाला, आउट. मग फील्डिंगला राइट फील्डमध्ये जाऊन उभा राहिला आणि मॅनेजरनं त्याला परत बोलावलं. मैदानातून डगआउटपर्यंत तो हळूहळू चालत येतोय, सगळा डोम उभा, एकेकाला मिठी मारतोय, आणि त्याच्याच टीमचा जपानी पिचर (बॉल टाकणारा) युसेई किकुची, ज्याची ती मेजर लीगमधली पहिलीच मॅच होती, तो हमसून हमसून रडतोय. मॅच १२ इनिंगपर्यंत लांबली, ती संपल्यावरही लोक हलेनात म्हणून हा परत बाहेर आला. भाषण नाही. पण मध्यरात्रीच्या सुमाराला प्रेस कॉन्फरन्स सुरू झाली ती तासाच्या वर चालली, आणि त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बायकोबद्दलची. युमिको त्याला मॅचच्या दिवशी ओनिगिरी करून द्यायची, भाताचे गोळे, आपल्या डब्यासारखं समजा. तो म्हणाला साधारण २८०० झाले, तिला ३००० करायचे होते. त्याचे तीन हजार झाले, तिचे राहिले!

प्रश्न (बेलव्ह्यू, अमेरिका) : आम्ही सिॲटलजवळ राहतो. माझा मुलगा इथेच जन्मला, खोलीत ५१ नंबरची जर्सी लावलीय. त्याला इचिरो जपानी वगैरे वाटतच नाही, आपलाच वाटतो. मला मात्र तो माणूस कायम दुभाष्या घेऊन बोलायचा त्याचं नवल वाटायचं. एवढी वर्षं राहून?

उत्तर : इंग्रजी त्याला येत होतं हो, टीममधल्यांशी बोलायचा की. कॅमेऱ्यासमोर मात्र प्रत्येक शब्द जोखून बोलायचा म्हणून जपानी. आणि २७ जुलै २०२५ ला कूपरस्टाउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला तेव्हा सबंध भाषण इंग्रजीत केलं, वर मायामीवाल्यांना म्हणाला की तुम्ही फोन केलात तेव्हा खरं सांगतो, तुमच्या टीमचं नावही ऐकलं नव्हतं. लोक खो खो हसले. आशियातून आलेला पहिला खेळाडू तो तिथला.

पण तुम्हाला दुसरंच सांगायचंय. त्या टोकियोच्या रात्री तो म्हणाला होता की अमेरिकेत आल्यावर मी परदेशी झालो, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या मनाचा विचार करायला लागलो, दुसऱ्याचं दुखणं काय असेल याची कल्पना करायला लागलो, आधी असा नव्हतो मी. तुमच्या मुलाला हे कळायचं कारण नाही, तो परदेशी नाहीच. तुम्हाला कळेल.

प्रश्न (सांगली, इयत्ता नववी) : मी आउट झालो की बॅट आपटतो, सर ओरडतात. मोठे खेळाडू पण आपटतात ना?

उत्तर : आपटतात रे. इचिरो नाही आपटायचा. त्याच्या बॅटा ओल धरू नये म्हणून खास पेटीत ठेवलेल्या असायच्या, आणि ग्लोव्ह तो स्वतः पुसायचा. सरांचं ऐक.

प्रश्न (ठाणे) : हॉल ऑफ फेमला ३९४ पैकी ३९३ मतं पडली. तो एक कोण?

उत्तर : नाव बाहेर आलेलं नाही. तो जो कोणी असेल त्याला इचिरोनं जाहीरपणे घरी ड्रिंकला बोलावलं होतं.

प्रश्न (पणजी) : मग आता घरी बसून काय करतो?

उत्तर : बसतोय कुठला. जपानमध्ये हायस्कूलच्या मुलींच्या निवडक टीमशी दरवर्षी मॅच खेळतो, स्वतःची हौशी टीम घेऊन, आणि पिचिंग स्वतःच करतो. २०२१ ला ४८ व्या वर्षी सगळ्या नऊ इनिंग एकट्यानं टाकल्या. मुलींना बरं वाटावं म्हणून एखादी रन सोडली असेल असं मला वाटलं होतं, तर एकही दिली नाही.