रोज दोन केळी खाल्ली तर सेरोटोनिन वाढून मूड सुधारेल का?

नाही. पण तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही, कारण 'आनंदाचं रसायन' म्हणून ओळखलं जाणारं सेरोटोनिन केळ्यात खरंच असतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कार्सिनॉइड नावाच्या, सेरोटोनिन बनवणाऱ्या गाठीचा संशय असला की डॉक्टर २४ तासांची लघवी तपासायला सांगतात. कॅन हातात देताना मी दरवेळी बजावते, आधीचे तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. एक काका वैतागलेच, "अगं, उद्या संकष्टी, केळं नाही तर खाऊ काय?" पण केळ्यातलं सेरोटोनिन आतडं आणि यकृत मोडून टाकतात आणि उरलेला पदार्थ लघवीत उतरतो. आम्ही मोजतो तो नेमका तोच! मग नसलेली गाठ रिपोर्टात असल्यासारखी दिसते.

म्हणजे केळ्यातलं सेरोटोनिन लघवीपर्यंत पोचतं, मेंदूपर्यंत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला आत सोडत नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, त्यालाही मेंदूत मज्जाव. मेंदू स्वतःपुरतं स्वतःच बनवतो, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, संख्येने थोड्याच, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले.

आणि 'आनंदाचं रसायन' हे बिरुद तर मला मुळीच पटत नाही. मेंदू घडत असतो तेव्हापासून सेरोटोनिन कामाला लागलेलं असतं. उंदराचंच बघा, त्याच्या मेंदूत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एकेक पुंजका असतो, तोंडावर मिशा ज्या ओळींत, त्याच ओळींत. सेरोटोनिन मोडणारं एक विकर (एन्झाइम) नसलेल्या उंदरांवरचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन नऊपटीपर्यंत वाढलेलं. आनंदी असायला हवी होती ना? ती थरथरत होती, घाबरत होती, उताणी पडली तर धड पालथी होत नव्हती. मोठे झालेले नर भांडखोर निघाले. मिशांचा तो नकाशाही नीट उमटला नव्हता. पिल्लांमध्ये सेरोटोनिन बनणं औषधाने रोखलं तेव्हा त्यांची थरथर आणि भीती गेली.

केळी खा, पोटाला चांगली. मन बरेच दिवस उतरलेलं असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचा गुणसुद्धा लगेच येत नाही, काही आठवडे जातात, तेव्हा चार दिवसांत कंटाळून मनानेच बंद करू नका.